धौलीचं दूध

३ नोव्हेंबर १९५१, डमडम

सुई लावायची नाही! थर्मामीटर नाही, रक्त काढायचं नाही, टोचाटोचीचं काही नाही. नुसतं बघायचं.

गोशाळेचे सेक्रेटरी बनवारीलालजी हात जोडून, अगदी गोड आवाजात म्हणाले, “डाक्टरसाब, गोमाता के अंग में सुई नहीं जाएगी.” त्यांच्या ट्रस्टचा नियम आहे, आजोबांच्या वेळेपासूनचा. मी विचारलं, मग आजारी गाय ओळखायची कशी? तर म्हणे, भगवंताने तुम्हाला डोळे दिलेत ना.

मागच्या आठवड्यात तिथली एक गाय मेली. उघडून बघितली तर फुप्फुसात क्षयाच्या गाठी — वाटाण्याएवढ्या, पिवळ्या. गोशाळेचं दूध निर्वासितांच्या छावणीतल्या मुलांना जातं. तिथे मोठ्या कढईत उकळतात, एवढं बरं. तरी ऑफिसचा हुकूम आहे — बाकीच्या गाईंत हा रोग कुणाला आहे ते शोधा आणि तिला वेगळी बांधा. खरी रीत सोपी आहे. मानेच्या कातडीत औषध टोचायचं आणि तिसऱ्या दिवशी सूज आली का ते बघायचं. सूज आली की क्षय. नेमकं तेच करायचं नाही!

खरं सांगायचं तर मी मनातून खूश आहे. हल्लीचे आमचे गुरांचे डॉक्टर सुईशिवाय पांगळे झालेत. जनावराकडे बघायचं कसं हे कोणी शिकवतच नाही. मला येतं, आणि ते मला ठाऊक आहे.

जेवताना आईला ही गंमत सांगितली. ती म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. मी तरी कुठे लावून घेते?” देवी काढल्या तेवढ्या सोडल्या तर तिने जन्मात अंगाला सुई लागू दिलेली नाही. सप्टेंबरात ताप आला तेव्हा डॉक्टरला दारातूनच परतवून लावला. तिचं नि बनवारीलालजींचं छान जमेल.

५ नोव्हेंबर

पहाटेच गोशाळेत गेलो. आपण आलोय हे गाईला कळता कामा नये. म्हणून पेंढ्याच्या गंजीआड उभा राहिलो. दुखणं लपवणं हा जनावराचा स्वभाव आहे. रानात जे लंगडतं तेच आधी मारलं जातं, ते त्यांच्या रक्तात अजून आहे.

आधी रवंथ बघायचा. खाऊन बसलेली गाय तोंड हलवत नसेल तर काहीतरी बिनसलंय. मग नाकाड — ओलं हवं, बारीक थेंब आलेलं. मग कूस कशी वरखाली होते ते. मग कानाच्या मुळाशी हात — एवढा स्पर्श ट्रस्टला चालतो. मग शेण. शेणासारखा खरं बोलणारा साक्षीदार नाही! आणि सगळ्यात शेवटी गाईला आवारात जरा पळवायची आणि ऐकत राहायचं. छातीत काही असेल तर ती मान लांब करून खोकते, हळू नि ओलं.

गवळी रामसुमेर माझ्याकडे लांबून बघत होता. त्याला वाटलं असेल, सरकारने वेडा पाठवला.

८ नोव्हेंबर

काल गोपाष्टमी. गोशाळेत कलकत्त्याच्या बडा बाजारातून मोटारी भरभरून माणसं आली होती. गाईंना झुली, शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. ढोल, झांजा. निम्म्या गाई बिथरल्या होत्या. आणि त्या गोंधळात एक पांढरीशुभ्र गाय बसून रवंथ करत होती — डोळे अर्धे मिटून! नाव धौली. ट्रस्टची पूजेची गाय हीच. बायका तिच्या पाया पडत होत्या, मुलं शेपटीला हात लावत होती, तिचं तोंड थांबत नव्हतं. कातडी रेशमासारखी, नाक ओलं, डोळ्यात पाणी नाही की चिपड नाही.

आज बाकीच्या सगळ्या पळवल्या. धौलीला दोर लावला तेव्हा बनवारीलालजी मध्ये आले. पूजेच्या गाईला पळवत नाहीत म्हणाले. मीही हट्ट धरला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

१० नोव्हेंबर

सापडली. काजली — राखी रंगाची, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारख्या काळ्या कडा. फासळ्या दिसतात. अंगावरचे केस उभे. माणूस जवळ आला की जबडा थांबतो. नाकाड कोरडं. पळवली तेव्हा खोकलीसुद्धा.

ती मूळची इथली नाही. शहरातल्या खटालात — दाटीवाटीच्या गवळीवाड्यात — होती. वासरू मेल्यावर तिथल्या लोकांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं होतं. वास आला की पान्हा सुटतो ना! पुढे ती आटली तेव्हा ट्रस्टने कसायाच्या हातून सोडवली. रामसुमेर म्हणतो, अजून ती खाली वासराचा वास शोधत हिंडते. हे दुःखाचं झालं. मी आलो आहे रोग शोधायला.

१२ नोव्हेंबर

रिपोर्ट दिला. काजली — क्षयाचा दाट संशय, ताबडतोब वेगळी बांधावी. बाकी कळप निर्दोष. धौलीबद्दल ‘उत्तम’ असं लिहिलं. शब्दाखाली रेघ मारली नाही, पण मारावीशी वाटली.

काजलीला रेल्वेलाइनीच्या कडेच्या जुन्या गोठ्यात नेली. जाताना कळपाकडे बघून हंबरली. एकदाच.

१५ नोव्हेंबर

लीना काही भरत नाही. पावसाळ्यातल्या विषमज्वराने पोरीचं चिपाड करून टाकलंय. सहा वर्षांची आहे, चारची वाटते. हात हातात घेतला की बोटं मोजावीत असं वाटतं. शाळा बंदच. दिवसभर खिडकीत बसून शेजारच्या मुलींशी बंगालीत बोलते आणि घरात मराठीत म्हणते, “मी दूध नाही खाणार.” आई हसते — अगं, दूध पितात, खात नाहीत!

आज आईने विषय काढला. धारोष्ण दूध द्या तिला. थेट कासेतलं, गरम, फेसाचं. उकळलं की त्यातला जीव जातो. आम्ही भावंडं त्यावरच वाढलो, हे खरं आहे. माझ्या मनगटावर बोट ठेवून म्हणाली, “हे काय चहा पिऊन झालंय?”

सरोज सासूकडे पाठ करून भाकरी थापत होती. तिने मागे न बघता विचारलं, “पण कच्चं दूध चालेल का? तुमच्याच ऑफिसचा कागद आला होता ना, उकळून प्या म्हणून?” तो कागद मीच लिहिला होता. मी म्हटलं, कागद सगळ्यांसाठी असतो. ही गाय मी स्वतः बघितली आहे.

“नीट बघितलीय?”

“मी बघितलीय,” म्हटलं. जरा जोरात म्हटलं असेन.

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

१९ नोव्हेंबर

आजपासून सुरू केलं. पहाटे सायकलवरून गोशाळेत. रामसुमेर माझ्यासमोर धौलीची धार काढतो. कासंडी लोकरीच्या मफलरात गुंडाळून घरी आणतो, तोवर दूध कोमट असतं. सरोज दारातच हातातून घेते. आईची पूजा झालेली असते. तिला आधी चांदीच्या वाटीत — देवाला दाखवून तिथेच पिते. तिलाही देऊ म्हटलं. तिचे सोमवार, एकादशा, चतुर्थ्या — उपासाला बाहेरचं काही चालत नाही, हे चालतं. लीनाचा पेला यायला जरा वेळ लागतो, तिला उठवायचं, मनवायचं असतं. पण फेस तसाच असतो!

२ डिसेंबर

लीनाने आज स्वतःहून पेला मागितला.

१६ डिसेंबर

पोरीच्या गालावर रंग आला. जिना चढून गच्चीवर गेली आणि वरून मला हाक मारली. मी सायकल तशीच टाकून वर धावलो, पडेल म्हणून. पडली नाही. पतंग बघत होती. एवढंसं ते, पण डोळ्यात पाणी आलं — लिहून ठेवतो, कोण बघणार आहे!

धौलीला मी आता मालकासारखा बघतो. आज तिच्यासाठी गुळाचा खडा नेला.

२८ डिसेंबर

थंडी आहे. संध्याकाळी घरोघरच्या कोळशाच्या चुलींचा धूर गल्लीत खाली बसतो, डोळे चुरचुरतात. सगळी डमडम खोकते. आईसुद्धा. तिला म्हटलं खिडकी लावून बस. ती म्हणाली, खिडकी लावली तर तुझ्या लेकीचा बंगाली बाजार बंद होईल.

७ जानेवारी १९५२

काजली खंगत चालली. रेल्वेच्या गोठ्यात दर गाडीला दचकते. पेंढ्याला तोंड लावत नाही. खोकला मात्र कमी वाटला. रोग वाढतो तसा खोकला वाढायला हवा. चमत्कारिक आहे. पेंढ्याआड बराच वेळ उभा राहिलो. मी दिसत नव्हतो, तेव्हा ती रवंथ करत होती. पायाखाली काडी मोडली — जबडा बंद.

म्हणजे मी तिला बघायला जातो तेव्हा तिच्यात जे दिसतं, ते मीच तिथे नेलेलं असतं?

घरी येईपर्यंत हे डोक्यातून गेलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सरोजने तिळाच्या वड्या केल्या, खाली राहणाऱ्या बंगाली मावशींनी तांदळाचे गोड पिठे पाठवले. लीनाने दोन्ही खाल्लं. आईने वडी हातात घेतली, तोडली, अर्धी परत ताटलीत ठेवली. दात दुखतात म्हणाली. भिंतींवर सगळीकडे निवडणुकीच्या निशाण्या रंगवल्यात, त्यात एक बैलजोडीही आहे. लीना विचारते, बाबा, हे बैल बरे आहेत का? मी म्हटलं, चित्रातलं जनावर नेहमी बरंच असतं.

२५ जानेवारी

आज बनवारीलालजी स्वतः ऑफिसात आले. काजलीला बघून आले होते. खुर्चीत बसले नाहीत. हिंदीत जे बोलले ते असं — आम्ही तिला कसायाकडून सोडवली ती उपाशी मारायला नाही. तुमची सुई ही हिंसा, तर हे काय आहे? तुमचे डोळे चुकू शकतात का, तेवढं सांगा.

मला राग आला. मग उत्तर द्यावं लागलं. म्हटलं, चुकू शकतात.

ते दारापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, सुई लावा. पण एकट्या काजलीला नाही. तिने काय गुन्हा केलाय? लावायची तर सगळ्यांना, आणि पहिली धौलीला. देवीने आधी सोसलं तर बाकीच्यांना दोष लागणार नाही.

धौलीला गरज नाही, असं मी म्हणालो. त्यांनी नुसते हात जोडले.

४ फेब्रुवारी

ट्रस्टचे सगळे वडीलधारे मिळून कबूल व्हायला एवढे दिवस गेले. आज टोचलं. धौलीच्या कपाळाला आधी कुंकू लावलं. बनवारीलालजींनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं — क्षमा मागितली असावी. सुई गेली तरी ती हलली नाही, तोंड चालूच. काजलीला मात्र चौघांनी धरावं लागलं. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसत होता. रामसुमेर तिच्या मानेवर हात फिरवत काहीबाही गुणगुणत होता.

आता तीन दिवस थांबायचं. दूध नेहमीसारखं आणलं.

७ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं.

काजलीची मान आधी बघितली. बोटाखाली काही नाही. पुन्हा बघितलं. कातडी चिमटीत धरून बघितली. स्वच्छ! एवढे महिने जे निरोगी जनावर मी एकटं बांधून ठेवलं, ते फक्त दुःखी होतं. भ्यालेलं होतं. रामसुमेरला म्हटलं, हिला कळपात ने. तो धावतच गेला.

बाकीच्यांच्या मानाही साफ निघाल्या. धौली शेवटी ठेवली होती, जाता जाता हात लावून मोकळं व्हावं म्हणून. ती बसली होती. रवंथ करत होती. मी हात लावायच्या आधीच दिसलं. पांढऱ्या कातडीखाली लिंबाएवढी सूज, गरम, हात लावला तर तिने मान बाजूला घेतली. एवढंच. मान बाजूला घेतली आणि पुन्हा तोंड हलवायला लागली.

मग तिला उठवली आणि हाकलली. आता कोणी अडवलं नाही. आवाराचं टोक यायच्या आत थांबली, मान लांब केली आणि खोकली. हळू नि ओलं.

गरीब गाय, पोटात पाय — आई नेहमी म्हणते ती म्हण. माणसांबद्दल म्हणते.

सायकल हातात धरून चालत आलो. बसायचं धैर्य नव्हतं. कासंडी रिकामी होती, तिचं झाकण वाजत होतं. सगळा वेळ लीनाची मान डोळ्यापुढे. दुधातून येणारा क्षय आधी कानाखाली गंडमाळा होऊन येतो. किंवा पोटात. रोज सकाळी मी पेला भरून दिला होता. मी! सगळ्या डमडममध्ये उकळून प्या असं सांगणारा मी.

घरी आलो तर पोरगी दारात लंगडी खेळत होती. तिथेच बसून तिची मान दोन्ही हातांनी चाचपली. तिला गुदगुल्या झाल्या. सरोज बाहेर आली, माझं तोंड बघून तिने लीनाला खाली मावशींकडे पाठवलं. मी सांगितलं. सगळं. धौली, सूज, खोकला. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

मग म्हणाली, “तिला मी एक दिवससुद्धा कच्चं दिलं नाही.”

मला कळेना. ती सांगत गेली. पहिल्या दिवसापासून दारातून कासंडी घेतली की लीनाचं दूध आत नेऊन उकळायची. साय काढून टाकायची. मग पाण्यात पेला ठेवून कोमट करायची आणि एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायची, फेस येईपर्यंत. वेळ लागायचा तो याला!

“मला सांगायचं नाहीस?” म्हटलं.

“सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, माझा तुमच्या नजरेवर भरवसा नाही.” पदर खोचत म्हणाली, “नव्हताच. तुम्ही गाईकडे बघितलंत. मला पोरीकडे बघायचं होतं.”

मी रडलो. लाज वाटली नाही. तिने पाठीवर हात ठेवला. सगळ्या जगावर मेहरबानी झाल्यासारखं वाटत होतं. रोज डोळ्यासमोर फेस येत होता आणि तो खोटा आहे हे मला दिसलं नाही, याचंसुद्धा हसू आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. असू दे. माझी पोर बरी आहे.

८ फेब्रुवारी

सकाळी दूध नव्हतं. धौली आता रेल्वेच्या गोठ्यात आहे. आईने पूजेनंतर वाटी पुढे केली आणि मी सरोजकडे बघितलं. काल विचारायचं राहिलं होतं. आत जाऊन विचारलं — आईचं?

सरोज पाटावर बसली. “त्यांना उकळल्याची चव लगेच कळते,” म्हणाली. “कळली असती तर काय सांगणार होते मी? तुमच्या मुलाला कळत नाही म्हणून?” मग तोंडावर पदर घेतला.

बाहेर आलो. आई खिडकीशी बसली होती, शाल लपेटून. मनगटातलं कडं पार कोपरापर्यंत वर सरकलंय. हे कधी झालं? दाराआड उभा राहिलो. तिला दिसणार नाही असा. छाती बघत होतो, वरखाली होते ती. तिने मान लांब केली आणि खोकली, पदरात, आवाज होणार नाही असं.

मग वळून न बघताच म्हणाली, “काय बघतोस रे दत्तू? मी काय गाय आहे?”